आठे गार पानी शे

वाचक-संपर्क कार्यक्रमाला सातजण आले.
त्यांतले तीन आमचेच कर्मचारी,
एक प्रोजेक्टर लावायला आलेला,
एकाला वाटलं, परीक्षेचा अर्ज इथेच भरतात.
उरलेल्या दोघींना मी सगळं सांगितलं:
ई-नियतकालिकं कशी उघडायची,
दुसऱ्या विद्यापीठातला प्रबंध कसा मागवायचा,
शांतता कक्ष कुठे, तक्रारपेटी कुठे.
एकीनं वहीत लिहून घेतलं.
दुसरीनं विचारलं, मॅडम, चार्जिंग कुठे?

जळगावच्या बाहेर, टेकडीवर, एप्रिलात
हवा स्टोव्हसारखी भकभकते.
बसथांब्यापासून आमच्या पायऱ्यांपर्यंत एकच कडुनिंब,
त्याखाली तीन मोटारसायकली आणि एक कुत्रं.
फलक मी स्वतः रंगवला होता:
‘ज्ञानाच्या महासागरात आपले स्वागत.’
भावलालनं तो वाचला,
पुस्तकांची ढकलगाडी भिंतीला टेकवली.
“मॅडम, हाऊ समुद्र आठे कोनी देखेल शे?”

दुसऱ्या दिवशी त्यानं केळीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला
आणि मार्करनं, जरा तिरकं, लिहिलं:
आठे गार पानी शे.
पंखा शे.
बठा. कोनी काही इचारत नही.
आणि अगदी खाली, जागा संपत आल्यावर, बारीक:
पुस्तकंबी शेतस.

मी तो काढायलाच गेले होते.
मूल्यांकन समिती यायची होती.
फाटकाशी एक पोरगा ओठ हलवत वाचत होता,
मग फोनवर कुणाला तरी ओरडला,
“अरे, आपली भाषामा लिखेल शे!”
मी हात मागे घेतला.
पुठ्ठ्याला एक खिळा जास्तीचा मारला.

मे संपायच्या आत नोंदवहीची पानं संपली.
पाणी प्यायला यायचे, बाटल्या भरायचे,
टेबलावर डोकं ठेवून झोपायचे.
झोपलेल्याला वाचक धरायचं का,
असा प्रश्न मी तायडे सरांपुढे लेखी ठेवला.
त्यांनी चष्मा पुसला.
शेरा दिला: घोरत नसल्यास धरावे.

जून उघडला तेव्हा धडगावचा जामसिंग आला.
पावरीत काही आहे का?
मी टंकलं. शून्य नोंदी.
टंकताना चूक झाली असेल म्हणून पुन्हा टंकलं.
मग माझा तो काउंटरवरचा आवाज:
आपण मागणी नोंदवू शकता.
त्यानं अर्ज भरला.
शीर्षक, रिकामं. लेखक, रिकामं.
भाषा: पावरी. अक्षर गोल, घट्ट दाबून लिहिलेलं.
पुरवठादाराकडून तो परत आला,
वर शिक्का: माहिती अपूर्ण.
अजून माझ्या खणात आहे.
फेकवत नाही, फाइल करता येत नाही.

सप्टेंबरच्या एका शनिवारी
तोच बोलायला बसला, वाचनकक्षात, चटईवर.
समोर अकराजण. कळत कुणालाच नव्हतं,
भावलालला म्हणे निम्मं कळलं.
गोष्टीत एक अस्वल होतं, एवढं मलाही कळलं,
कारण मधेच तो उठून चालून दाखवू लागला.
आम्ही ध्वनिमुद्रण केलं.
सोमवारी दाखल नोंद करायला बसले.
प्रकाशक? किंमत?
पृष्ठसंख्येच्या रकान्यात मी लिहिलं,
बेचाळीस मिनिटं,
आणि लेखापरीक्षक काय म्हणतील
याचा विचार जेवणानंतर करायचं ठरवलं.

दिवाळीपासून कूलर बंद आहे.
दुरुस्तीचं टिपण दोन टेबलं चढलं,
तिसऱ्यावर बसलंय.
भावलालनं पुठ्ठ्यावरची पहिली ओळ खोडली,
खोटं कशाला, म्हणाला.
खालच्या ओळी तशाच आहेत.

काल एक मुलगी पायरीवर चप्पल काढत थांबली.
आम्ही सांगितलं, घालूनच ये.
तिनं ऐकलं नाही.
अनवाणी आत आली,
इकडंतिकडं बघितलं,
आणि मला विचारलं, सगळ्यांत खालची ओळ
कुठल्या कपाटात आहे?